रुपया, पौंड, डॉलर आणि खान्देशचा कापूस

ऑगस्ट महिना आला की एक संदेश मोबाईलवर हमखास फिरतो. १९४७ साली एक डॉलर एका रुपयाला मिळत होता, आणि आज बघा. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गटांवरही तो येतो, आणि चांगली शिकलेली माणसं तो पुढे ढकलतात. तो खोटा आहे. नुसता खोटा असता तर मी सोडूनही दिला असता. पण त्यामुळे रुपया-डॉलरचा दर म्हणजे देशाची अब्रू, एवढाच विचार डोक्यात पक्का होतो, आणि त्या दराने आपल्या कापसाचं, सोन्याचं, खताचं काय केलं हे बघायचं राहून जातं. खान्देशाने तर हे दीडशे वर्षांहून जास्त काळ सोसलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी १९४७ चा हिशेब. त्या वेळी रुपया डॉलरला बांधलेलाच नव्हता. तो बांधला होता ब्रिटिश पौंडाला. एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, म्हणजे आजच्या भाषेत १३.३३ रुपये (रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै). पौंड आणि डॉलर यांचा दरही ठरलेला होता: एका पौंडाला ४.०३ डॉलर. आता १३.३३ ला ४.०३ ने भागा. उत्तर येतं ३.३१. स्वातंत्र्याच्या वेळी एक डॉलर साधारण तीन रुपये पाच आण्यांना पडत होता. शाळेतल्या पोरालाही जमेल असा भागाकार आहे, आणि तो केला की तो संदेश तिथेच निकालात निघतो.

पण मग १३-५-४ हा असला विचित्र आकडा आला कुठून? सरळ बारा नाही, पंधरा नाही. या आकड्यामागे मोठं भांडण आहे, आणि त्या भांडणाची किंमत कापूस पिकवणाऱ्यांनी मोजली.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया हे चांदीचं नाणं होतं. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात अकरा बारांश चांदी. टांकसाळीत चांदी नेऊन द्यायची आणि रुपये पाडून घ्यायचे, अशी मुभा होती. त्यामुळे रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. इंग्लंडचं चलन मात्र सोन्यावर उभं होतं. म्हणजे रुपया आणि पौंड यांचा दर खरं तर चांदी आणि सोनं यांच्यातला दर होता. तो मुंबईत ठरत नव्हता, कलकत्त्यात ठरत नव्हता, आणि धुळ्यात ठरण्याचा तर प्रश्नच नव्हता.

खान्देश १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आला. शेतसारा रोख रुपयांत भरायचा, आणि रोख रुपये हातात आणणारं मोठं पीक म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांना कापूस मिळेना. त्या चार-पाच वर्षांत खान्देश आणि वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. त्याच दशकात भुसावळवरून रेल्वे गेली आणि मुंबई बंदर जवळ आलं. युद्ध संपलं तसा भाव कोसळला. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्यानंतर जे घडलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं आहे.

१८७० च्या दशकात जर्मनीने चांदी सोडून सोन्याचं चलन घेतलं, पाठोपाठ युरोपातले इतर देशही चांदीपासून दूर झाले, आणि अमेरिकेतल्या नव्या खाणींतून चांदीचा लोंढा बाजारात आला. चांदी स्वस्त झाली, तसा रुपयाही उतरत गेला. १८७२ च्या आसपास एक रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता. १८९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. (पौंडाचे २० शिलिंग, शिलिंगाचे १२ पेन्स. पुढच्या हिशेबासाठी एवढं लक्षात असू द्या.)

आता हे वाचून वाटेल, रुपया पडला म्हणजे वाईट झालं. कुणाचं वाईट झालं ते बघू. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या बाजारात कापूस पेन्समध्ये विकला जायचा. पेन्सचा भाव तोच राहिला आणि रुपया उतरला, की त्याच पेन्सचे जास्त रुपये होतात. म्हणजे माल बाहेर पाठवणाऱ्याला ते सोयीचंच होतं, आणि व्यापाऱ्यांच्या साखळीतून त्यातलं थोडंफार शेतकऱ्यापर्यंत झिरपत होतं. अडचण झाली ती सरकारची. निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शनं, लंडनच्या कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेल्या हमीचा पैसा, असा मोठा खर्च दरवर्षी लंडनला पौंडांत पोचवावा लागे. सारा गोळा होई रुपयांत. रुपया जितका खाली, तितके जास्त रुपये त्या खर्चासाठी लागायचे. शेवटी १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. चांदी द्या आणि रुपये न्या, हा रस्ता संपला. रुपये दुर्मीळ झाले की त्यांची किंमत आपोआप चढेल, असा डाव होता, आणि तो यशस्वी झाला. १८९९ पर्यंत रुपया एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे १६ पेन्सवर बसला. पौंडाचे २४० पेन्स भागिले १६, म्हणजे पौंडाला १५ रुपये.

त्यानंतरच्या काळात रुपयातली चांदी आणि रुपयाची किंमत यांची फारकत झाली. नाणं चांदीचंच, पण त्याचा भाव सरकार ठरवतं. आजच्या नोटेकडे नेणारी ही मोठी पायरी, आणि ती खेड्यातल्या माणसाच्या नकळत ओलांडली गेली. घरात जी चांदीची लगड किंवा वाळे-तोडे होते, ते टांकसाळीत नेऊन रुपये करून घेण्याची सोय गेली. बाजारात त्या चांदीला रुपयातल्या चांदीपेक्षा कमी भाव मिळू लागला.

पहिल्या महायुद्धात चांदी इतकी महागली की रुपयाच्या नाण्यातली चांदीच सोळा पेन्सहून जास्त किमतीची होऊ लागली. सरकारने दर वर वर नेला, आणि १९२० मध्ये थेट दोन शिलिंग, तेही सोन्याच्या हिशेबाने, असा दर जाहीर केला. तो टिकवायला लंडनमधली शिल्लक ओतली, तरी काही महिन्यांत सोडून द्यावा लागला.

मग आलं भारताच्या चलनाचा विचार करायला नेमलेलं १९२६ चं हिल्टन यंग कमिशन. कमिशनने शिफारस केली एक शिलिंग सहा पेन्सची, म्हणजे १८ पेन्स. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास हे त्या कमिशनचे सदस्य, आणि स्वतः कापसाच्या व्यापारातले मोठे जाणकार. त्यांनी वेगळं मत नोंदवलं: दर १६ पेन्सच ठेवा, अठरा केलात तर शेतकरी मरेल. त्यांचं ऐकलं गेलं नाही. १९२७ मध्ये कायदा झाला आणि १८ पेन्स पक्का झाला. २४० भागिले १८, म्हणजे तेरा पूर्णांक एक तृतीयांश. १३ रुपये ५ आणे ४ पै. हाच तो आकडा.

दोन पेन्सचा वाद, त्यात एवढं काय? प्रत्यक्ष मांडून बघू. समजा एका गाठीचे लंडनमध्ये १० पौंड आले. १६ पेन्सच्या दराने त्याचे १५० रुपये होतात. १८ पेन्सच्या दराने होतात १३३ रुपये ५ आणे ४ पै. फरक १६ रुपये १० आणे ८ पै. शंभरामागे अकरा रुपये गेले, आणि कापूस तोच, गिऱ्हाईक तेच, लिव्हरपूलचा भावही तोच. दुसरीकडे शेतसारा रुपयांत ठरलेला, सावकाराचं कर्ज रुपयांत, त्याचं व्याज रुपयांत. त्यातला एक आणाही कमी झाला नाही. विलायतेतून येणारं कापड स्वस्त झालं खरं, पण ज्याच्या हाती येणारे रुपयेच घटले त्याला त्या स्वस्ताईचा काय उपयोग?

विनिमय दराबद्दल एकच गोष्ट पक्की समजून घ्यायची असेल, तर हा १६ रुपये १० आण्यांचा फरक समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. दर बदलला की देशातल्या एका माणसाचा पैसा दुसऱ्याकडे जातो. कर नाही, वसुली नाही, पावती नाही. म्हणून दर वर गेला की खाली गेला, यापेक्षा कुणाकडून कुणाकडे गेला, हे आधी विचारावं.

१९२९ नंतर जगभर मंदी आली आणि शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने पौंड सोन्यापासून तोडला. रुपया पौंडालाच बांधलेला असल्याने तोही सोन्याच्या तुलनेत उतरला, आणि रुपयांत सोनं महागलं. १९२७ च्या कायद्यात सोन्याचा सरकारी खरेदी दर होता तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै. आता बाजारात त्याहून बराच जास्त भाव मिळू लागला. एकीकडे सारा भरायला रोकड नाही, दुसरीकडे सोन्याला चढा भाव. त्यामुळे खेड्यापाड्यांतून दागिने निघाले, सराफांकडे आले, मुंबईला गेले आणि तिथून जहाजाने लंडनला. पिढ्यान् पिढ्यांचं सोनं त्या दशकात देशाबाहेर गेलं. त्या वेळच्या खान्देशाचं चित्र डोळ्यांसमोर आणायचं असेल तर १९३६ चं फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन आठवावं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमात शेतसारा आणि खंड (कुळाने जमीनमालकाला द्यायचा मोबदला) यांत भरीव कपात करा, अशी मागणी होती. रुपयांत ठरलेलं ओझं रुपयांतल्या उत्पन्नाला पेलत नव्हतं, हे त्या मागणीचं मूळ.

स्वातंत्र्यानंतरही १८ पेन्सचा दर तसाच राहिला. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं, ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलर. भारतानेही पाठोपाठ तेवढंच केलं. पौंडाला १३.३३ हे नातं कायम राहिलं, डॉलरशी नातं बदललं. १३.३३ भागिले २.८० म्हणजे ४.७६. पुढची सतरा वर्षं डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर खिळून होता (पैसे अर्थात १ एप्रिल १९५७ नंतरचे, त्याआधी आणे आणि पै).

त्या वेळी पाकिस्तानने मात्र अवमूल्यन करायला नकार दिला. कालपर्यंत एकच असलेला रुपया दोन झाला, आणि पाकिस्तानच्या १०० रुपयांना भारताचे १४४ रुपये अशी गत झाली. भारताने हा दर मानायला नकार दिला आणि दोन देशांमधला व्यापार जवळजवळ थांबला. फाळणीमुळे लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध-पंजाबचा मोठा भाग तिकडे गेलेला, गिरण्या मात्र मुंबई-अहमदाबादला. व्यापार अडला तशी देशातच कापूस वाढवण्याची निकड आणखी वाढली. १९५१ च्या फेब्रुवारीत भारताने पाकिस्तानचा दर मान्य केला. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केलं आणि दोन्ही रुपये पुन्हा बरोबरीला आले.

६ जून १९६६ ही तारीख मात्र आपल्या इतिहासातली मोठी. चीन आणि पाकिस्तानशी झालेली युद्धं, लागोपाठचा दुष्काळ, अमेरिकेची आटलेली मदत आणि रिकामी होत चाललेली परकीय चलनाची गंगाजळी. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते, अर्थमंत्री सचिंद्र चौधरी. डॉलर ४.७६ वरून एका रात्रीत ७.५० झाला. या अवमूल्यनाबद्दल वाचताना कुठे ३६.५ टक्के सापडतं, कुठे ५७.५ टक्के, आणि वाचणारा गोंधळतो. दोन्ही बरोबर आहेत. डॉलर घ्यायला जिथे ४.७६ रुपये लागत होते तिथे ७.५० लागू लागले, म्हणजे डॉलर ५७.५ टक्क्यांनी महागला. एका रुपयाला पूर्वी २१ सेंट मिळत, आता १३.३ सेंट मिळू लागले, म्हणजे रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला. कुठल्या बाजूने मोजलं हे सांगितल्याशिवाय विनिमय दराच्या टक्केवारीला काही अर्थ नाही. आजच्या बातम्यांनाही हे लागू आहे.

आणखी एक सावधगिरी. जुन्या दरांचे जे तक्ते मिळतात त्यांत बहुधा वर्षाची सरासरी असते. १९६६ पुढे तुम्हाला सव्वासहाच्या जरा वरचा आकडा दिसेल. वर्षातले पहिले १५६ दिवस ४.७६ आणि उरलेले २०९ दिवस ७.५० अशी सरासरी काढली की ६.३३ येतात. आता हा ६.३३ चा दर त्या वर्षात एका दिवशीही अस्तित्वात नव्हता. त्या दराने कुणी एक डॉलरही घेतला नाही की दिला नाही. जुन्या व्यवहाराचा हिशेब करायचा असेल तर तारीख बघावी, वर्षाच्या आकड्यावर जाऊ नये.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं आणि जगभरचे ठरलेले दर सैल झाले. आपण काही वर्षं पौंडाला धरून राहिलो, १९७५ पासून अनेक चलनांच्या सरासरीला धरून. दर रिझर्व्ह बँक ठरवायची आणि थोडाथोडा खाली सोडायची.

असं हळूहळू खाली का सोडावं लागतं? समजा आपल्याकडे वर्षाला महागाई ६ टक्के आहे आणि अमेरिकेत २ टक्के. आज शंभर रुपयांत तयार होणारा माल पुढच्या वर्षी १०६ रुपयांत तयार होईल, तिकडचा शंभराचा १०२ डॉलरमध्ये. दर तोच ठेवला तर आपला माल दरवर्षी सुमारे ४ टक्क्यांनी महाग दिसत जाईल, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळेल. रुपया साधारण तेवढाच उतरला तर दोघं होते तिथेच राहतात. म्हणजे रुपयाच्या घसरणीतला मोठा भाग हा दोन देशांच्या महागाईतला फरक असतो. तो वजा करून उरेल ती खरी घसरण, किंवा खरी वाढ. बाजारात रुपया उतरलेला दिसतो आणि हा हिशेब केल्यावर चढलेला निघतो, असंही होतं. आणि निव्वळ आकड्यावरून देश जोखायचा तर एका डॉलरला दीडशेच्या आसपास येन मोजणारा जपान दरिद्री ठरेल.

१९९१ ची गोष्ट अजून अनेकांच्या आठवणीत आहे. आखाती युद्धाने तेल महागलं, तिकडच्या आपल्या लोकांकडून येणारा पैसा थांबला, आणि गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतीच उरली. मे महिन्यात सरकारच्या ताब्यातलं २० टन सोनं परदेशात गेलं, जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन. पेरणीला पैसे नसले की घरातली बाई हातातल्या पाटल्या काढून देते, पीक आलं की सोडवू म्हणते, तसाच तो प्रकार होता. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. डॉलर २१ च्या आसपास होता तो २६ च्या आसपास गेला. नरसिंह रावांचं सरकार तेव्हा नुकतंच आलेलं, अर्थमंत्री मनमोहन सिंग.

त्यानंतर वर्षभर एक वेगळीच व्यवस्था होती, ती समजून घेण्यासारखी आहे. मार्च १९९२ पासून एकाच डॉलरला दोन दर. माल निर्यात करून आलेल्या डॉलरपैकी ४० टक्के सरकारी दराने द्यायचे, ६० टक्के बाजारभावाने विकायचे. समजा सरकारी दर २६ आणि बाजाराचा ३०. शंभर डॉलर आणणाऱ्याला चाळीसचे १०४० आणि साठचे १८०० मिळाले, एकूण २८४० रुपये. त्याच्यापुरता दर झाला २८ रुपये ४० पैसे. स्वस्तात घेतलेले ते चाळीस टक्के सरकार तेल, खत अशा गरजेच्या आयातीसाठी वापरायचं. म्हणजे माल बाहेर पाठवणारा दर शंभर डॉलरमागे १६० रुपये त्या आयातीसाठी सोडत होता. १९२७ सारखाच इथेही पैसा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, फक्त या वेळी तो उघड होता. मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक झाले. डॉलर ३१ रुपयांच्या थोडा वर आला आणि तेव्हापासून दर बाजारात ठरतो. फार उलथापालथ झाली की रिझर्व्ह बँक डॉलर विकून किंवा घेऊन मध्ये पडते.

पुढचा प्रवास झरझर सांगता येईल. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैशाचा ओघ आवरता घेण्याचे संकेत दिले आणि मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलर ऑगस्टअखेर ६८ वर जाऊन आला. जुलै २०२२ मध्ये त्याने ८० ओलांडले, डिसेंबर २०२५ मध्ये ९०.

जळगावच्या सराफ बाजारात याचा परिणाम त्याच दिवशी दिसतो, कारण सोन्याचा जागतिक भाव औंसाला डॉलरमध्ये असतो आणि एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. जागतिक भाव जागेवर असला तरी डॉलर दहा रुपयांनी चढला की इथे सोनं चढतं. त्यावर आयात शुल्क, जे जुलै २०२४ मध्ये १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं, आणि ३ टक्के जीएसटी. लग्नाच्या खरेदीला गेलेल्याला एकच आकडा दिसतो, पण तो असा थराथराने बनतो.

कापसाचा हिशेब मात्र पूर्ण मांडतो. जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गेलात तर 'काय भो, खंडी कितीची?' हा प्रश्न ऐकू येतोच. खंडी म्हणजे रुईची, सरकी काढलेल्या कापसाची, ७८४ पौंड वजनाची, सुमारे ३५६ किलोची. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये असतो. (हा पौंड वजनाचा, चलनाचा नव्हे.) समजा तो ७० सेंट आहे. एका खंडीचे झाले ५४८ डॉलर ८० सेंट. डॉलर ८३ रुपये असताना याचे होतात ४५,५५० रुपये. डॉलर ८८ झाला की ४८,२९४. वाहतूक वगैरे सोडली तरी खंडीमागे २,७४४ रुपयांचा फरक, आणि न्यूयॉर्कचा भाव हललेलाही नाही. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते असं धरलं तर क्विंटलमागे हा फरक २६० रुपयांच्या घरात जातो.

पण हे २६० रुपये शेतकऱ्याच्या हातात पडतातच असं नाही. २०२५ च्या हंगामाआधीचंच उदाहरण घ्या. बाहेरून येणाऱ्या कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत ते काढून टाकलं गेलं. आता तोच हिशेब आयात करणाऱ्या गिरणीच्या बाजूने करा. डॉलर ८३ आणि शुल्क ११ टक्के असताना तिला खंडी पडत होती ५०,५६१ रुपयांना. डॉलर ८८ झाला, पण शुल्क गेलं, तर ४८,२९४ ला. रुपया पाच रुपयांनी उतरूनही बाहेरचा कापूस स्वस्त झाला. घसरलेल्या रुपयाने शेतकऱ्याला जे संरक्षण दिलं असतं ते शुल्क काढल्याने पुसलं गेलं. सूतगिरण्यांची अडचण खरी होती, अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लादलेलं होतं, हे मान्य. तरी त्या अडचणीचा भार कापूस पिकवणाऱ्याकडे किती सरकला, हे वरच्या दोन आकड्यांत दिसतं.

खर्चाच्या बाजूलाही डॉलर आहेच. खतांपैकी पोटॅश सगळं बाहेरून येतं, डीएपी आणि त्याचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात बाहेरून, डिझेलचं कच्चं तेल बहुतांश बाहेरून. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे जास्त जाणवतं, कारण केळीला पोटॅश भरपूर लागतं. त्याची केळी आखातात गेली तर दुबईचा दिरहम त्याच्या बाजूने उभा राहतो, कारण दिरहम डॉलरला पक्का बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. डॉलर चढला की दिरहमही रुपयांत तेवढाच चढतो. पण घड ज्याने बागेतच व्यापाऱ्याला देऊन टाकला, त्याच्या वाट्याला खताची वाढलेली किंमत येते आणि दिरहमची वाढ व्यापाऱ्याकडे राहते.

कापसातही तेच. वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. मजुरीचे पैसे लगेच द्यायचे असतात, दुकानदाराची उधारी असते, रब्बीचं बियाणं घ्यायचं असतं, म्हणून बराच कापूस डिसेंबर-जानेवारीपर्यंत घरातून गेलेला असतो. डॉलर फेब्रुवारीत चढला तर फायदा त्याचा, ज्याच्या गोदामात त्या दिवशी गाठी आहेत. दराचा लाभ माल पिकवणाऱ्याला मिळत नाही, दर हलतो त्या क्षणी माल ज्याच्याकडे असतो त्याला मिळतो. थोडा कापूस मागे ठेवण्याची ऐपत असणारे शेतकरी भाव बघून थांबतात ते यासाठीच. ज्यांना ती ऐपत नाही त्यांच्यासाठी गोदामात माल ठेवून पावतीवर कर्ज घेण्याची सोय कागदोपत्री आहे, पण ती रुईच्या गाठींना जितकी सोयीची आहे तितकी सरकीसकट कापसाला नाही. आपल्या भागातल्या शेतकरी कंपन्या स्वतः जिनिंग करून गाठी बांधू लागल्या, तर न्यूयॉर्कच्या ७० सेंटचा आणि मुंबईतल्या डॉलरच्या भावाचा हिशेब त्यांना स्वतःसाठी करता येईल.